घटस्फोटाचा दावा : वकिलाची निवड आणि खर्चाची तरतूद

(तालुका पातळीवरील कायदेविषयक मार्गदर्शन शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे एक म्हण फार जुनी आहे : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भावाभावांतल्या बांधाच्या भांडणाला ही म्हण शोभतेही. परंतु ज्या बाईला नवऱ्याने चार वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडले, जिच्या मुलाच्या शाळेचा खर्च तिचा म्हातारा बाप करतो आहे आणि जिचे लग्न ना धड चालू आहे ना धड मोडलेले आहे, तिला ही म्हण ऐकवणे म्हणजे तिचा हक्क दुसऱ्याच्या पदरात टाकणे होय. कोर्टाची पायरी न चढण्याचा फायदा नेहमी त्याच पक्षाला होतो, ज्याच्याकडून काही येणे असते.

घटस्फोट घ्यावा की घेऊ नये, हा आजच्या भाषणाचा विषय नाही. तो निर्णय ज्याचा त्याने, सर्व बाजूंनी विचार करून करावयाचा असतो. परंतु निर्णय झाल्यावर वकील कोठे शोधावा आणि त्याची फी कोठून द्यावी, या दोन प्रश्नांशी अनेक जण अडतात. कोणी अंगावरचा दागिना गहाण टाकतो, कोणी सावकाराकडे जातो आणि पुष्कळ जण दाव्याचा विचारच सोडून देतात. वस्तुतः पैशाअभावी कोणाचीही दाद न्यायालयाच्या दाराबाहेर राहू नये, अशी तरतूद कायद्याने केलेली आहे. मात्र ही तरतूद आपण होऊन कोणाच्या घरी चालत येत नाही. ती योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि लेखी मागावी लागते. आज सांगावयाचे आहे ते एवढेच.

शंभर वर्षांचा प्रवास

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. मुंबईतील रखमाबाईंचा खटला आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. बालपणी झालेला विवाह मानून पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले आणि १८८४ मध्ये त्यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. १८८७ मध्ये निकाल विरुद्ध गेला तेव्हा नांदावयास जा, नाही तर सहा महिने कारावास भोगा, असे त्यांना सांगण्यात आले. त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोट मागण्याचा कायदाच नव्हता. अखेरीस १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पतीला दाव्याच्या खर्चापोटी दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. त्यांच्या पाठीशी मुंबईतील वजनदार मंडळी उभी होती, म्हणून त्या तगल्या. ज्यांच्यामागे असे कोणी नव्हते, त्यांची नावे इतिहासात आलेली नाहीत.

बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि संपूर्ण देशात १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने हा मार्ग खुला झाला. तथापि मार्ग खुला असणे निराळे आणि त्या मार्गाने जाण्याची ऐपत असणे निराळे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३९-अ आले आणि आर्थिक दुर्बलतेमुळे कोणालाही न्याय नाकारला जाऊ नये, म्हणून मोफत कायदेविषयक साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर आली. त्यातून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. रखमाबाईंना जे हितचिंतकांच्या कृपेने मिळाले, ते आज सामान्य स्त्रीला कायद्याने मिळावयाचे आहे.

आधी न्यायालय, मग वकील

पुष्कळ जण प्रथम वकील गाठतात आणि मग दावा कोठे चालणार ते विचारतात. हा क्रम उलटा आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे जेथे विवाह लागला, जेथे सामनेवाला राहतो किंवा जेथे पतिपत्नी शेवटी एकत्र राहिली, तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने यात एक मोलाची भर पडली. अर्जदार पत्नी असेल, तर ती सध्या जेथे राहते, तेथेही ती अर्ज करू शकते. समजा, लग्न नाशिकला झाले, संसार पुण्यात मोडला, पती आता सुरतेला आहे आणि पत्नी बार्शीला माहेरी आहे. अशा पत्नीने पुण्याला किंवा सुरतेला हेलपाटे घालण्याचे कारण नाही. बार्शी ज्या न्यायालयाच्या हद्दीत येते, तेथे ती दाद मागू शकते आणि तिला वकीलही तेथीलच पाहिजे. परगावचा नामांकित वकील केला, तर प्रत्येक तारखेला त्याचा प्रवासखर्च पक्षकाराच्या माथी बसतो, आणि तो आला नाही म्हणून तारीख गेली, तर तेही नुकसान पक्षकाराचेच.

जेथे कुटुंब न्यायालय आहे, तेथे हे दावे त्या न्यायालयात चालतात. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली आणि त्यानंतर अन्य शहरांतही ती स्थापन झाली. जेथे ती नाहीत, तेथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे अर्ज जातो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे या न्यायालयात वकिलामार्फतच उभे राहण्याचा हक्क कोणालाही नाही. पक्षकाराने स्वतः बोलावे, अशी त्या कायद्याची अपेक्षा आहे आणि वकील द्यावयाचा असल्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. व्यवहारात ती सहसा मिळते. तथापि वकील नाही म्हणून दावाच करता येत नाही, हा समज तरी मनातून काढून टाकावा.

वकील कोठे शोधावा

आपल्या देशात वकिलाने जाहिरात करून पक्षकार मिळवू नयेत, असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम आहे. म्हणून न्यायालयाच्या आवारात जो मनुष्य आपण होऊन जवळ येतो आणि 'महिन्याभरात घटस्फोट मिळवून देतो' असे सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे. तो वकील असेल तर नियम मोडत आहे आणि वकील नसेल तर दलाल आहे.

योग्य मार्ग साधे आहेत. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयात वकील संघाचे कार्यालय असते. कौटुंबिक दावे नेहमी कोण चालवतो, याची चौकशी तेथे करता येते. ज्यांचा असा दावा नुकताच निकालात निघाला आहे, त्यांना विचारावे. एखाद्या दिवशी न्यायालयात जाऊन वकील कसे काम करतात ते पाहावे. मात्र कौटुंबिक प्रकरणे पुष्कळदा बंद दालनात चालतात, हे लक्षात असू द्यावे. वकिलाकडे सनद आहे ना, हे विचारण्यात संकोच नसावा. प्रत्येक वकिलाला महाराष्ट्र व गोवा यांच्या सामाईक बार कौन्सिलने सनद क्रमांक दिलेला असतो. गोव्यातील विवाहविषयक कायदा पोर्तुगीज काळापासून निराळा आहे. यास्तव सासर किंवा माहेर गोव्यात असेल, तर तेथील कायदा जाणणाऱ्या वकिलाचाच सल्ला घ्यावा.

पहिल्या भेटीला जाताना लग्नपत्रिका, लग्नाचे छायाचित्र, विवाहनोंदणीचा दाखला असल्यास तो, मुलांचे जन्मदाखले, शिधापत्रिका, पूर्वीच्या नोटिसा आणि जोडीदाराच्या उत्पन्नाविषयी जे कागद हाती असतील ते न्यावेत. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून छायाप्रती द्याव्यात. जे घडले ते सर्व, आपल्याला अडचणीचे असले तरी, वकिलाला खरे सांगावे. वकिलापासून लपवलेली गोष्ट विरुद्ध पक्षाकडून उलटतपासात बाहेर येते, आणि मग ती सावरावयास वेळ राहत नाही.

फी ठरवताना

घटस्फोटाच्या दाव्याला कायद्याने ठरवलेला एकच दर नाही. फी वकील आणि पक्षकार यांच्यात ठरते. कोणी एकरकमी फी घेतात, कोणी तारखेप्रमाणे, तर कोणी टप्प्याटप्प्याने. सामान्य पक्षकाराला टप्प्याटप्प्याची पद्धत सोयीची पडते. अर्ज तयार करून दाखल करणे, अंतरिम पोटगीचा अर्ज, साक्षीपुरावा आणि शेवटचा युक्तिवाद, असे टप्पे पाडून प्रत्येकाची रक्कम आधीच ठरवावी. तारखेप्रमाणे फी ठरली, तर दावा जितका लांबेल तितका खर्च वाढेल, हे उघड आहे.

काही प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. टंकलेखन, नोटीस, नकला यांचा खर्च फीमध्ये धरला आहे की निराळा? तारखेला वकील स्वतः उभे राहणार की त्यांचे सहकारी? अपील करावे लागल्यास त्याची फी वेगळी काय? ठरलेले सर्व एका कागदावर लिहून घ्यावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. पावती मागणे हा अविश्वास नव्हे. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे. 'पोटगीतून किंवा तडजोडीच्या रकमेतून इतका हिस्सा मला द्या', अशा बोलीवर काम घेण्यास मात्र विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई केली आहे. असा करार कोणी सुचवल्यास तो नाकारावा.

वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे. त्यात पुष्कळदा तडजोड करण्याचा व पैसे स्वीकारण्याचा अधिकारही वकिलाला दिलेला असतो. कोऱ्या कागदावर सही करू नये. अर्जाचा मजकूर आपल्याला समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा. १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तेव्हा अर्ज मराठीत करण्याचा आग्रह धरण्यास काहीच हरकत नाही. दावा दाखल झाल्यावर त्याचा क्रमांक मागून घ्यावा. त्या क्रमांकावरून पुढची तारीख आणि झालेला हुकूम आता ई-कोर्ट्स सेवेवर कोणालाही पाहता येतो. पुढची तारीख कळावी म्हणून कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

खर्च कोणी द्यावा

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, ज्या पक्षाला स्वतःच्या निर्वाहापुरते आणि दाव्याच्या खर्चापुरते स्वतंत्र उत्पन्न नाही, तो दुसऱ्या पक्षाकडून दोन्ही मागू शकतो : दावा चालू असतानाची दरमहा पोटगी आणि दाव्याचा खर्च. हा हक्क पत्नीला आहे, तसाच पतीलाही आहे. वकिलाची फी या खर्चातच येते. नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांच्या आत असा अर्ज शक्यतो निकालात काढावा, असे कायदा सांगतो. विशेष विवाह अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये पत्नीसाठी अशीच तरतूद आहे आणि ख्रिस्ती व पारशी समाजांच्या विवाहविषयक कायद्यांतही तशी सोय आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मिळणारी पोटगी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागता येते. ती कोणत्याही धर्माच्या पत्नीला खुली आहे आणि तेथेही कार्यवाहीचा खर्च मागता येतो.

हा अर्ज दाव्याच्या अगदी आरंभी करावा. दोन वर्षे कर्ज काढून दावा चालवावयाचा आणि मग पोटगीचा अर्ज करावयाचा, यात हित नाही. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले आहे की, पोटगीच्या अर्जात दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर व्हावी. म्हणजे अर्जास जितका उशीर, तितक्या महिन्यांची पोटगी गेली. अर्थात स्वतःचे पुरेसे उत्पन्न असताना ते लपवून अर्ज केला, तर तो टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे.

न्यायालयीन शुल्काविषयी महाराष्ट्रातील अनेक भगिनींना माहिती नसते. राज्य शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक संबंधांतून उद्भवलेले मालमत्तेचे वाद यांबाबत दाद मागणाऱ्या स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे. कोणी 'स्टॅम्पाचे पैसे' म्हणून मोठी रक्कम मागितली, तर या अधिसूचनेचे स्मरण करून द्यावे.

मोफत वकील

कलम २४ चा हुकूम होईपर्यंतही काही काळ जातो. तोवर काय करावे? त्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ताब्यात असलेल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. यांपैकी कोणालाही उत्पन्नाची अट नाही. बाई नोकरी करीत असो, तिच्या नावावर शेत असो, स्त्री म्हणून ती पात्र आहे. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा असून महाराष्ट्रात ती तीन लाख रुपये आहे.

तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. तेथे साध्या कागदावर अर्ज करता येतो. लिहिता येत नसल्यास तेथील कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक तो लिहून घेतात. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. अर्ज मंजूर झाल्यावर वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, नोटिशीचा खर्च आणि नकलांचा खर्च प्राधिकरणाकडून होतो. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसाही घ्यावयाचा नसतो. घरात मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. पीडितेला मोफत विधी साहाय्य मिळवून देणे हे त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

फुकटचा वकील लक्ष देत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. काही ठिकाणी त्याला अनुभवाचा आधारही असेल. परंतु त्यावर उपाय आहे. प्राधिकरणाच्या प्रत्येक पातळीवर अशा प्रकरणांच्या प्रगतीवर देखरेख करणारी समिती असते. वकील तारखांना येत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो.

मतभेद झाल्यास

स्वखर्चाने नेमलेला वकीलही बदलता येतो. आधीच्या वकिलाचे ना-हरकत घ्यावे, ते न मिळाल्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा वकिलाला अधिकार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला आहे. फीसाठी वकील निराळी कार्यवाही करू शकतो, पण कागद परत केले पाहिजेत. गंभीर गैरवर्तन असेल, तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. मात्र दावा हरला, एवढ्यावरून वकिलाने गैरवर्तन केले असे होत नाही.

खर्च वाचवणारे दोन सल्ले

पहिला सल्ला असा की, मुद्रांकावर लिहिलेल्या आणि नोटरीपुढे सही केलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबू नये. काही समाजांत रूढीने चालत आलेली काडीमोड कायद्याने वाचवली आहे हे खरे, परंतु ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. एरवी अशा कागदाने विवाह संपत नाही. त्या भरवशावर दुसरे लग्न केले, तर ते रद्दबातल ठरते आणि गुन्हाही घडतो. स्वस्त म्हणून घेतलेली सोडचिठ्ठी शेवटी सर्वांत महाग पडते.

दुसरा सल्ला असा की, वेगळे होण्यावर दोघांचे एकमत असेल, तर परस्परसंमतीचा मार्ग घ्यावा. १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३-ब प्रमाणे एक वर्ष विभक्त राहिल्यावर संयुक्त अर्ज करता येतो. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते. तथापि योग्य प्रकरणी ही मुदत न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. यात साक्षीपुरावा लांबत नाही, म्हणून फीही कमी लागते. पोटगी, स्त्रीधन आणि मुलांचा ताबा या तिन्ही गोष्टी मात्र अर्जातच स्पष्ट लिहून घ्याव्यात. लवकर सुटका व्हावी म्हणून पोटगी सोडून देण्याची घाई पुढे मुलांना भोवते. कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशकांची मदत विनाशुल्क असते, तिचाही लाभ घ्यावा. समेट झाला तर उत्तमच. न झाला तरी पुष्कळदा भांडणाचे मुद्दे कमी होतात आणि दावा आटोपशीर होतो.

समारोप

भगिनी व बंधूंनो, कायद्याने केलेल्या या सोयी कागदावर राहून कोणाचे घर चालत नाही. आज येथे जमलेल्या अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, शिक्षक आणि बचत गटांच्या कार्यकर्त्या यांच्याकडे गावातली अडलेली बाई प्रथम येते. वकिलाकडे जाण्याच्याही आधी ती आपल्याशी बोलते. तिने दागिना गहाण टाकण्यापूर्वी तिला तीन गोष्टी सांगा. ती जेथे राहते, तेथील न्यायालयात तिला दाद मागता येते. स्त्री म्हणून तिला वकील मोफत मिळतो. आणि दाव्याचा खर्च व पोटगी मागण्याचा अर्ज तिने पहिल्याच दिवशी करावा. या तीन गोष्टी वेळेवर कानावर पडल्या, तर तिच्या संसारात उरलेसुरले जे आहे, ते कोर्टकचेरीत जाणार नाही आणि आपल्या शिबिराचे चीज होईल.